आरएक्स १००: क्रँकचा स्ट्रोक २ एमएम वाढवू की ५ एमएम लांब रॉड टाकू?

कुपवाडचा_फटफट्या

नमस्कार मंडळी. गाडी १९९४ ची यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक, वडिलांनी घेतलेली. ब्लॉक (सिलेंडर) ०.५० ओव्हरसाईजवर आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा एमएम मोठा कापलेला. गेल्या महिन्यापासून खालून खडखड ऐकू येतेय. मेकॅनिकनं रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) वर-खाली हलवून दाखवला, मलाही खेळ जाणवला. म्हणजे रॉड किट बदलणं आलंच, इंजिन पूर्ण उघडणार.

आता उघडतोयच म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. मेकॅनिक म्हणतो, ऑफसेट पिन टाकून स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, २ एमएम वाढवून घे, टॉर्क बघ कसा येतो. मित्र म्हणतो, स्ट्रोकच्या नादाला लागू नको, ५ एमएम लांब रॉड आणि ब्लॉकखाली तेवढाच स्पेसर टाक, इंजिन स्मूथ होतं आणि बेरिंग टिकतं. तिसरा म्हणतो दोन्ही कर.

मला रेस खेळायची नाही. रोज एमआयडीसीत शिफ्टला जातो, अधूनमधून बायकोला घेऊन जोतिबाला. त्या चढाला तिसऱ्यात दम टाकते आणि दुसऱ्यात नुसती ओरडते, एवढंच दुखणं. स्ट्रोक आणि रॉड बदलला की आत नेमकं काय बदलतं, हे कुणी आकड्यांत सांगेल का? "मस्त होते" हे उत्तर आधीच चार जणांनी दिलंय.

पेठेतला_पोर

१३५ चा ब्लॉक बसव, विषय संपला. आरएक्स १३५ चा स्ट्रोक पण ५० च आहे, बोअर (सिलेंडरचा व्यास) ५८, म्हणजे १३२ सीसी. क्रँकला हात न लावता ३४ सीसी वाढले. ज्या कंपनीनं दोन्ही गाड्या बनवल्या तिनं स्ट्रोक वाढवला नाही, बोअर वाढवला. तिच्यापेक्षा आपल्या गल्लीतल्या लेथवाल्याला जास्त कळतं का?

फक्त ५८ चा लायनर (ब्लॉकमधली नळी) १०० च्या केसच्या (क्रँकच्या कवचाच्या) तोंडात सरळ जाईल असं धरून चालू नको. पुण्याच्या नाना पेठेत जाऊन पैसे मोजायच्या आधी वर्नियर लाव.

उद्यमनगरचे_अण्णा

कोल्हापुरात क्रँकचं काम करतो. प्रेस, डायल गेज आणि मी. त्यामुळे तुझा क्रँक फोडायला मला आनंदच हाय, धंदा हाय माझा. तरी पण आधी एक हिशोब बघ.

५० बोअर, ५० स्ट्रोक म्हणजे ९८.२ सीसी. स्ट्रोक ५२ केलास की १०२.१ सीसी. आता स्ट्रोक आहे तसा ठेवून बोअर ५१ कर, म्हणजे १.०० ओव्हरसाईजपर्यंत जा. किती आले? १०२.१. दशांशापर्यंत तेवढेच. तू ०.५० वर आहेस, म्हणजे आत्ताच १०० च्या किंचित वर बसलायस. तेव्हा सीसीसाठी स्ट्रोक वाढवणार असशील तर पिनचे, प्रेसचे आणि माझ्या मजुरीचे पैसे वाचव.

पण स्ट्रोक वाढवल्यावर गाडी बदललेली जाणवते हे खरं आहे. ती सीसीनं बदलत नाही, पोर्टनं, म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांनी बदलते. फोर-स्ट्रोकमध्ये स्ट्रोक वाढवला तरी कॅम आणि व्हॉल्व्हचं टायमिंग आपल्या जागी राहतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच व्हॉल्व्ह. त्याचा रस्ता लांबवला की प्रत्येक पोर्ट उघडायची आणि मिटायची वेळ सरकते. तुला कुणी विचारलं नसताना कुणीतरी तुझा कॅम बदलून ठेवला, असं समज.

आता आकडे. हिशोब सोपा जावा म्हणून रॉड सेंटर टू सेंटर १०० धरतो. पाच-सात एमएम इकडेतिकडे झालं तरी उत्तराची चाल तीच राहते. एक्झॉस्ट (जळका गॅस बाहेर जायचा पोर्ट) टीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो त्या जागेनंतर, ९० अंशांना उघडतो असं समज, म्हणजे एकूण १८० अंश उघडा. ट्रान्सफर (केसमधून ताजा चार्ज, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण, वर आणणारे पोर्ट) १२० अंशांना उघडतात, म्हणजे एकूण १२०. रस्त्यावरच्या गाडीला साधारण अशीच मापं असतात. दोन्हींच्या मध्ये राहिले ३० अंश. या ३० अंशांत जळलेला गॅस एक्झॉस्टमधून जोरात निसटतो आणि सिलेंडरमधलं प्रेशर खाली येतं. याला ब्लोडाऊन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेव, बाकीचं विसरलास तरी चालेल.

ऑफसेट पिन म्हणजे पिनच्या दोन टोकांचा सेंटर एका जागी, आणि मधला भाग, ज्याच्यावर रॉडचं बेरिंग फिरतं, तो १ एमएम बाहेर सरकवलेला. त्यामुळे पिस्टन वर १ एमएम जास्त जातो आणि खाली १ एमएम जास्त येतो. वरचा १ एमएम कुठेतरी सामावून घ्यावाच लागतो, नाहीतर पिस्टन हेडला भेटतो. सामावायच्या जागा दोन: हेडखाली जाड पॅकिंग किंवा ब्लॉकखाली १ एमएमचा स्पेसर. गल्लीतले लोक दोन्हीला एकच समजतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पॅकिंग हेडखाली घातलंस तर ब्लॉक आपल्या जागी राहतो. एक्झॉस्ट ९० ऐवजी ८९.४ ला उघडतो, म्हणजे एकूण १८१ च्या आसपास. जवळपास आहे तसाच. ट्रान्सफर मात्र १२० ऐवजी ११८ ला उघडतात, एकूण १२४. म्हणजे एक्झॉस्टला एक अंश मिळाला आणि ट्रान्सफरला चार. कारण एक्झॉस्टच्या उंचीवर, स्ट्रोकच्या मध्याजवळ, वाढलेल्या स्ट्रोकनं पिस्टनची जागा फारशी बदलत नाही, खाली ट्रान्सफरपाशी जास्त बदलते, आणि तिथं पिस्टन हळू झालेला असल्यामुळे तो फरक अंशांत आणखी मोठा पडतो. ब्लोडाऊन ३० चा साडेअठ्ठावीस झाला.

स्पेसर ब्लॉकखाली घातलास तर सगळेच पोर्ट १ एमएम वर उचलले जातात. एक्झॉस्ट साधारण साडे १८५, ट्रान्सफर जवळजवळ १३०. ब्लोडाऊन २८ च्याही किंचित खाली. ही झाली वरच्या आरपीएमवर ओरडणारी गाडी. तुला जोतिबाचा चढ चढायचा आहे आणि तू पोर्ट उचलायला निघालायस.

ब्लोडाऊन कमी पडला की काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. ट्रान्सफर उघडतात तेव्हा वर अजून प्रेशर शिल्लक असतं. ताजा चार्ज वर यायच्या ऐवजी आधी जळका गॅसच ट्रान्सफरमध्ये खाली घुसतो. असा ब्लॉक काढून उलटा केला की ट्रान्सफरच्या वाटेत आतपर्यंत काजळी दिसते. धड इंजिनात तिथं ओलसर तेलकट स्वच्छ अॅल्युमिनियम असतं. गेल्या पावसाळ्यात असाच एक ब्लॉक माझ्याकडे आला, ५२ चा स्ट्रोक कुठेतरी करून आणलेला. ट्रान्सफरमध्ये बोट फिरवलं, नखापर्यंत काळं. ब्लोडाऊन परत ३० करायला एक्झॉस्टचं छत साधारण पाऊण एमएम वर घ्यायला लागलं असतं, ते कुणी केलंच नव्हतं. शिवाय पॅकिंग वर घातल्यामुळे टीडीसीला पिस्टन ब्लॉकमध्ये १ एमएम जास्त वर जात होता, आणि स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भागाच्या) खालच्या कडेतून एक्झॉस्ट पोर्टची बारीक फट उघडी राहत होती. ब्लॉक उजेडाकडे धरला की चंद्रकोरीएवढी रेघ दिसायची. पिस्टन वर गेला की केसमध्ये कार्ब्युरेटरमधून ओढ लागायला हवी, इथं थोडी ओढ सायलेन्सरमधून लागत होती. मालक वर्षभर कार्ब्युरेटरचा पायलट जेट बदलत बसला होता.

दुसरी जागा बघायची ती खाली. बीडीसीला, म्हणजे अगदी तळाच्या जागेला, पिस्टन १ एमएम जास्त खाली येतो. स्कर्टची आतली कड क्रँकच्या वेबला (चकतीला) लागते का? रॉडचा खालचा गोळा १ एमएम मोठ्या वर्तुळात फिरतो, तो केसच्या भिंतीला घासतो का? हातानं फिरवून बघताना लागत नाही आणि गरम झाल्यावर, आरपीएमवर, लागतं. मी एक एमएमच्या खाली फट असली तर काम परत देतो.

आणि पिन बसवताना तिची दिशा. ऑफसेट बरोबर बाहेरच्या बाजूला, शाफ्टच्या सेंटरपासून सरळ लांब जायला हवा. पिन दाबताना वीस अंश फिरली तर स्ट्रोक पण पूर्ण भरत नाही आणि टीडीसी पण सरकते. मग इग्निशनचं टायमिंग का जुळत नाही म्हणून सीडीआय (इग्निशनचा डबा) बदलत बसायचं. दाबून झाल्यावर दोन्ही टोकांना डायल गेज लावून रन-आऊट (फिरताना येणारा डोल) ०.०३ एमएमच्या आत आणायचा, त्याच्या वर असला तर माझ्या दुकानातून क्रँक बाहेर जात नाही. बॅलन्स पण बिघडतो, कारण पिन आणि रॉडचं वजन बाहेर सरकलं आणि समोरचं वजन आहे तेवढंच राहिलं. हँडलला मुंग्या येतात त्या यानं.

आता लांब रॉड. तुझा मित्र म्हणतो ते चुकीचं नाही, पण लै फुगवून सांगतोय. १०० चा रॉड १०५ केला आणि ब्लॉकखाली ५ एमएम स्पेसर घातला, तर एक्झॉस्टच्या एकूण टायमिंगमध्ये पाऊण अंशाचा फरक पडतो. कमी होतो. पाऊण अंश तर पॅकिंग किती दाबलं गेलं यानं सुद्धा इकडेतिकडे होतो. रॉड बदलून पोर्टिंग बदलत नाही, हे लिहून ठेव. बदलतो तो रॉडचा तिरपेपणा. ५० स्ट्रोकला १०० चा रॉड जास्तीत जास्त साडेचौदा अंश तिरका होतो, १०५ चा पावणेचौदा. पिस्टन भिंतीवर रेटला जातो तो जोर साधारण पाच टक्क्यांनी कमी होतो. स्कर्ट कमी झिजतो, पिस्टनचा टकटक आवाज उशिरा येतो. टीडीसीला बसणारा झटका टक्काभरच कमी होतो. उलट स्ट्रोक २ एमएम वाढवलास तर तोच झटका जवळपास पाच टक्के वाढतो, आणि तो थेट खालच्या बेरिंगवर येतो. बेरिंग टिकावं म्हणून रॉड लांब करायचा आणि त्याच दिवशी स्ट्रोक पण वाढवायचा, हा तुझ्या तिसऱ्या सल्लागाराचा हिशोब मला कळलेला नाही.

स्पेसरमुळे केसमध्ये ९.८ सीसी जागा वाढते. खालचं कॉम्प्रेशन थोडं उतरतं. चांगला एक्सपान्शन चेंबर (मधे फुगलेला सायलेन्सर) असेल तर त्यानं बिघडत नाही, कारण वरच्या आरपीएमला चेंबरच चार्ज ओढतो. पण स्टॉक सायलेन्सरवर, कमी आरपीएमला, पिस्टनच्या खालच्या दाबावरच ट्रान्सफर चालतात. म्हणजे तू मागतोयस नेमकी तीच जागा थोडी मऊ होणार. शिवाय ब्लॉक ५ एमएम वर गेला की सायलेन्सरचा बेंड वर, कार्ब्युरेटर वर, स्टड अपुरे, आणि स्पेसरमध्ये ट्रान्सफरच्या खिडक्या कापाव्या लागतात त्या वेगळ्याच. कुणी नुसती गोल रिंग कापून देतो, ट्रान्सफरच्या तोंडाशी पायरी तयार होते. तसली घालू नको.

येझदीवाला_बेळगाव

अण्णा, मान राखून एक सांगतो. आमच्या येझदीचा बोअर ६५ आणि स्ट्रोक ७५. लाँग स्ट्रोक. चौथ्यात सायकलच्या वेगानं चालते आणि तिथून उचलते. क्रँकचा हात लांब म्हणजे टॉर्क जास्त, हे तर पान्याला पाईप लावणाऱ्या पोरालाही ठाऊक. तुम्ही म्हणता स्ट्रोकनं फक्त पोर्ट सरकतात, ते पटत नाही.

उद्यमनगरचे_अण्णा

बेळगावकर, येझदी उचलते यात वाद नाही. मी शिकलो त्याच गाडीवर. पण हात लांब म्हणून नाही.

हात लांब झाला ते बघितलंत, पिस्टन लहान झाला ते बघितलं नाही. तेवढ्याच २४८ सीसीत स्ट्रोक वाढवला की बोअर कमी करावाच लागतो. जोर म्हणजे प्रेशर गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. हात वाढला तेवढंच क्षेत्रफळ घटलं. गुणाकार केला की हाताची लांबी निघून जाते आणि उरतं प्रेशर गुणिले सीसी. ६५ बाय ७५ असो की ६८ बाय ६८, सारख्या प्रेशरला टॉर्क सारखाच. पान्याला पाईप लावताना तुम्ही हाताचा जोर कमी करत नाही, इंजिनात तो कमी होतो.

येझदी खालून ओढते ती मवाळ पोर्ट टायमिंग, जड फ्लायव्हील आणि तिच्या दोन लांब सायलेन्सरमुळे. तिच्याच क्रँकवर एक्झॉस्ट उचलून १९० करा, बघा सायकलच्या वेगानं चालते का.

याच्या उलटं उदाहरण आरडी ३५०. ६४ बोअर, ५४ स्ट्रोक, शॉर्ट स्ट्रोक. खाली मेलेली आणि वर पिसाळलेली असं लोक म्हणतात आणि दोष स्ट्रोकला देतात. राजदूतनं इकडं तीच गाडी दोन ट्यूनमध्ये विकली, हाय टॉर्क साडेतीस हॉर्सपॉवर आणि लो टॉर्क २७. स्ट्रोक दोन्हींचा ५४ च.

चाकण_डिझाईन

अण्णांशी टॉर्कबद्दल सहमत. एक मुद्दा मात्र राहिला, आणि तो स्ट्रोकच्या बाजूचा आहे.

फोर-स्ट्रोकवाले सांगतात, बोअर मोठा करा, स्ट्रोक लहान करा, व्हॉल्व्ह मोठे बसतील, आरपीएम वाढेल. टू-स्ट्रोकमध्ये हे उलटं पडतं. पोर्टची रुंदी बोअरच्या प्रमाणात असते, कारण फार रुंद केलं की रिंग त्यात फुगते आणि अडकते. उंची स्ट्रोकच्या प्रमाणात असते, कारण उंची म्हणजेच टायमिंग. म्हणजे पोर्टचं क्षेत्रफळ बोअर गुणिले स्ट्रोकच्या प्रमाणात. सीसी ठरलेले असतील तर बोअर जितका लहान, तितका हा गुणाकार मोठा. येझदीचा ६५ गुणिले ७५ म्हणजे ४८७५. त्याच सीसीला ६८ बाय ६८ केलं तर ४६२४. लाँग स्ट्रोकला त्याच टायमिंगमध्ये पाच टक्के जास्त पोर्ट मिळतो. अडचण एवढीच की पिस्टनचा वेग वाढतो, आणि आरपीएम तिथं अडतो.

म्हणून टू-स्ट्रोकची चांगली इंजिनं बहुतेक स्क्वेअरच्या आसपास येऊन थांबली. आरएक्स १०० ५० बाय ५०. जुन्या चेतकचं ५७ बाय ५७. कावासाकी केबी १०० तर ४९.५ बाय ५१.८, किंचित लाँगच. आणि १२५ सीसी ग्रां प्रीच्या होंडा आरएस आणि एप्रिलिया आरएसए दोन्ही ५४ बाय ५४.५. जगातल्या सगळ्यात जोरकस १२५ नं सुद्धा स्ट्रोक लहान केला नाही.

एप्रिलियाचा रॉड १२० एमएमचा होता, स्ट्रोकच्या २.२ पट. तेव्हा लांब रॉडला अगदीच मोडीत काढू नये.

उद्यमनगरचे_अण्णा

क्षेत्रफळाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. माझ्या मुलीनं एक्सेलची शीट करून दिलीय, तिच्यात हा कॉलम नव्हता, आज घालून घेतो.

पण साहेब, आपल्या पोराला त्याचा फायदा कधी? जेव्हा ५२ च्या स्ट्रोकप्रमाणे पोर्ट नव्यानं कापले जातील तेव्हा. जुना ब्लॉक, जुने पोर्ट, नुसती पिन बदलली, तर वाढलेली उंची ट्रान्सफरच्या वाट्याला जाते आणि ब्लोडाऊन उपाशी राहतो. वरचे आकडे तेच सांगतात.

आणि १२० चा रॉड. ते इंजिन तेरा हजार आरपीएमला फिरणारं, केसची जागा मुद्दाम मोठी ठेवलेलं, सगळा कारभार एक्सपान्शन चेंबरवर. तिथं पिस्टनचा बाजूचा जोर आणि ट्रान्सफरची खालची वाट दोन्ही लांब रॉडनं सुधारतात. कारण ब्लॉक वर गेला की वाटेला सरळ वळायला जागा मिळते. आपली आरएक्स साडेसात हजारला ११ हॉर्सपॉवर देऊन मोकळी होते. साडेसात हजारला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर. तिथं कुणाचा जीव जात नाही.

नोंदणीवाला_नाशिक

थोडं विषयांतर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. कंपनीच्या मूळ मापांपेक्षा वेगळा बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, आणि सीसी बदलणं त्यात येतंच. १९९४ ची गाडी म्हणजे फेरनोंदणीला जाणारच. ओव्हरसाईज बोअर ही दुरुस्ती आहे, स्ट्रोकर क्रँक हा बदल आहे. ट्रॅकवर वापरायची असेल तर गोष्ट वेगळी.

कुपवाडचा_फटफट्या

अण्णा, डोकं गरगरलं पण पहिल्यांदा कुणीतरी आकडे दिले. स्ट्रोकचं रद्द. लांब रॉडचं पण रद्द. १३५ च्या ब्लॉकचं नाशिककरांनी घाबरवून ठेवलंय.

मग स्टॉक रॉड किट टाकून गाडी चढाला बरी कशी करू? आणि तुम्ही मापं घ्यायला सांगताय, ती घरी कशी घेऊ? माझ्याकडे वर्नियर आहे, बाकी काही नाही.

उद्यमनगरचे_अण्णा

वर्नियर पुष्कळ झाला. शाळेतला ३६० अंशांचा चांदा फोटोकॉपीवाल्याकडून मोठा करून घे, पुठ्ठ्यावर चिकटव, मॅग्नेटच्या नटवर बसव. जाड तारेचा काटा केसच्या बोल्टला बांध. झालं डिग्री व्हील.

टीडीसी अंदाजानं धरू नको. पिस्टन वर आल्यावर चार-पाच अंश तसाच उभा राहतो, डोळ्याला कळत नाही. प्लगच्या भोकातून थांबा घाल. जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्यात बोल्ट घातला की झाला थांबा. एका बाजूनं फिरवून पिस्टन अडला की अंश वाच, उलटं फिरवून अडला की अंश वाच. दोन्हींचा मध्य ही खरी टीडीसी. मग थांबा काढ, सायलेन्सर काढ, एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मार. पिस्टनच्या कडेवर प्रकाशाची पहिली रेघ दिसली की अंश लिही. ट्रान्सफरचं मात्र हेड काढून बघावं लागतं. पिस्टनच्या कडेवर ०.०५ ची फीलर पट्टी टेकवून ठेवायची आणि ती ट्रान्सफरच्या छताखाली सरकली की थांबायचं.

हे आत्ता, इंजिन उघडायच्या आधी करून घे. खालच्या बेरिंगला खेळ असला की टीडीसी दोन्ही बाजूंनी वेगळी येते, तेवढं समजून घे. रॉड किट टाकल्यावर परत मोज. जुन्या आणि नव्या मापात फरक आला तर किटच्या रॉडची लांबी वेगळी आहे किंवा खालचं पॅकिंग वेगळ्या जाडीचं आलंय. बाजारात कमी-जास्त लांबीचे रॉड "आरएक्सचा" म्हणून मिळतात. जुना आणि नवा रॉड शेजारी ठेवून, दोन्ही भोकांत पिन घालून, वर्नियरनं सेंटर ताडून बघ. प्रेसला जायच्या आधी. नंतर माझ्याकडे येऊन भांडू नको.

चढाचं म्हणशील तर हेड आणि पिस्टनच्या कडेची फट माप. दोन एमएमची सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत घालून भिंतीपर्यंत ढकल, पिन ज्या दिशेला आहे त्या रेषेत. क्रँक एकदा हातानं फिरव आणि दबलेलं टोक वर्नियरनं माप. रस्त्यावरच्या १०० सीसीला एक एमएमच्या आसपास असावं. दीड-दोन निघालं तर तुझा चढावरचा दम तिथं गेलाय. खालचं पॅकिंग पातळ करून फट कमी करता येते, पण आता तुला कळलंच असेल की त्यानं ब्लॉक खाली येतो आणि पोर्टचं टायमिंग पण कमी होतं. तुझ्या कामाला ते चांगलंच आहे, एक्झॉस्ट दोन अंशांनी कमी झाला तर खालून ओढेल. फक्त बीडीसीला पिस्टनची कड एक्झॉस्टच्या तळाच्या वर राहत नाही ना ते बघ.

रीडच्या (कार्ब्युरेटर आणि ब्लॉकमधल्या झडपेच्या) पाकळ्या उजेडाकडे धरून बघ, फट दिसली तर बदल. सायलेन्सरचा आतला पाईप काढून काजळी जाळून टाक, तीस वर्षांची असेल. मॅग्नेटच्या बाजूचं ऑईल सील रॉड किटबरोबर बदलायचंच, तिथून हवा ओढली की किती जेट बदललेस तरी उपयोग नाही. आणि एवढं करून भागलं नाही तर पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान. तेवढ्यानं तिसरा गियर जोतिबाला तिसरा राहील.

पेठेतला_पोर

अण्णा, १.०० ओव्हरसाईजच्या पुढे लायनरमध्ये किती जीव उरतो? माझ्या दुसऱ्या गाडीचा ब्लॉक ०.७५ वर आहे.

उद्यमनगरचे_अण्णा

१.०० नंतर नवीन लायनर. त्याच्या पुढचे पिस्टन मिळतात, पण पोर्टच्या मधल्या पट्ट्या पातळ होतात आणि तिथं रिंग अडकते. ब्लॉक घेऊन ये, वरून आणि पोर्टच्या खाली अशा दोन जागी मापून सांगतो. सोमवारी दुकान बंद असतं.